ट्रिमला हात लावण्याआधी लिंकेज बघा

रिमोटवरचं मॉडेल विमान हात न लावता सरळ उडावं म्हणून ट्रान्समीटरच्या छोट्या बटणांनी जी बारीक दुरुस्ती करतात, ती ट्रिम. विमानातल्या सर्वोपासून हलणाऱ्या पट्ट्यांपर्यंतची जोडणी म्हणजे लिंकेज. आधी प्रोपेलर काढा. घरात टेबलावर मोटर अचानक फिरली तर बोटं जातात. मग ट्रान्समीटर चालू करा आणि नंतरच विमानाला बॅटरी लावा.

एलरॉन (पंखावरच्या पट्ट्या, विमान डावं-उजवं कलवतात), एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करते) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी, नाक डावं-उजवं वळवते) यांचे ट्रिम ट्रान्समीटरच्या स्क्रीनवर बघून मध्यावर आणा. थ्रॉटलचा, म्हणजे मोटरच्या वेगाचा, ट्रिम मात्र वर सरकवू नका. तो वर गेला की ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला) वाटतं थ्रॉटल उघडा आहे, आणि मग मोटर सुरूच होत नाही, नुसती पीं-पीं करत बसते. इंजिनवाल्या विमानात याच ट्रिमवर आयडलिंग बसवतात, तो वेगळा विषय.

आता सर्वोचं (पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरचं) आर्म बघा. ते पुशरॉडला (आर्मपासून पट्टीपर्यंत जाणाऱ्या तारेला) काटकोनात हवं. नसेल तर स्क्रू काढून आर्म एक दाता पुढे-मागे बसवा. दात्यांमुळे उरलेला थोडासा फरक सबट्रिमने (ट्रान्समीटरच्या मेनूतल्या, सर्वोचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगने) काढा, त्याहून जास्त नको. मग क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची आट्यांची क्लिप) फिरवून सरफेस (ती हलणारी पट्टी) पंखाच्या सरळ रेषेत आणा. आमच्याकडची पोरं सनपॅक शीटची (पोकळ प्लास्टिक शीटची) विमानं बनवतात, त्यात क्लेव्हिसऐवजी लिंकेज स्टॉपर असतो; तिथे बारका स्क्रू सैल करून रॉड सरकवायचा.

सीजी (विमानाचा तोल साधतो तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत येतोय ना, तेही बघून घ्या. नाक जड असलेलं विमान अप ट्रिम देऊन उडवणारे बरेच भेटतात. अहो, बॅटरी दोन बोटं मागे सरकवा की!

मैदानावर वारा पडलेला असेल तेव्हाच ट्रिमिंग करा, म्हणजे सकाळी लवकर. निवांत उंची घ्या, थ्रॉटल निम्म्याच्या थोडा वर ठेवा, विमान सरळ रेषेत आणा आणि स्टिक क्षणभर सोडून बघा. मोड २ मध्ये (ट्रान्समीटरच्या स्टिकच्या मांडणीचा एक प्रकार) एलेव्हेटर आणि एलरॉन दोन्ही उजव्या स्टिकवर असतात. विमान सरळ ठेवायला स्टिक ज्या बाजूला धरावी लागते, त्याच बाजूला ट्रिम द्यायचा. नाक खाली जात असेल तर एलेव्हेटरचा ट्रिम स्वतःकडे. डावीकडे कलत असेल तर एलरॉनचा उजवीकडे. दोन-तीन क्लिक द्या, स्टिक सोडा, बघा, पुन्हा द्या. आधी एलेव्हेटर, मग एलरॉन, रडर शेवटी. विमान समोरून तुमच्याकडे येत असताना एलरॉनला हात लावू नका. डावं-उजवं हमखास उलटं होतं. शेजारी कुणी उभं असेल तर बटणं त्याला दाबू द्या, तुमची नजर विमानावर.

उतरल्यावर बहुतेक जण इथेच थांबतात. पण ट्रिम बराच सरकलेला असेल तर सरफेस कुठे उभा आहे ते पट्टीने मोजा, ट्रिम मध्यावर आणा आणि क्लेव्हिस फिरवून सरफेस पुन्हा त्याच जागी आणा. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना पुरेसा ट्रिम हाताशी राहतो.

फुल थ्रॉटलला नाक वर जातं आणि निम्म्यावर विमान सरळ चालतं, असं असेल तर तो ट्रिमचा दोष नाही. मोटर माउंटच्या वरच्या दोन स्क्रूंखाली, माउंट आणि फायरवॉलच्या (मोटर जिच्यावर बसते त्या नाकाकडच्या पाटीच्या) मध्ये, एकेक वॉशर घाला. मोटरचं तोंड थोडं खाली झुकेल.