फ्लिपरचा दम गेला? कॉइल रिवाइंड करायच्या आधी हे करा

नागपूरच्या गांधीबागेत माझं वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळाभर कूलरच्या मोटारी, आणि मधूनच कुणीतरी पिनबॉलची, म्हणजे बटण दाबून फ्लिपरच्या दांडीने बॉल वर मारायच्या खेळाच्या मशीनची, कॉइल घेऊन येतो: "भाऊ, फ्लिपर बॉल वरपर्यंत नेतच नाही, नवी तार भरून द्या." मी आधी मीटर लावतो. 1980 च्या दशकातल्या विल्यम्स मशीनच्या या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं साधारण 4 ओहम, ते फटका मारतं. बारीक तारेचं शंभराच्या वर, ते फ्लिपर नुसता वर धरून ठेवतं. दोन्ही बरोबर दाखवत असतील तर कॉइलला हात लावायचं कारण नाही. दोष बहुतेक वेळा घासलेल्या भागांत आणि स्विचच्या पॉइंटमध्ये, म्हणजे पाती जिथे एकमेकांना टेकतात तिथे, सापडतो.

मशीन बंद करा, प्लग काढा, बॉल बाहेर घ्या, मगच वरचा बोर्ड उचला. तारांचा फोटो काढा. कॉइलवरच्या डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) पट्टी कोणत्या टोकाला आहे, तेही फोटोत दिसू द्या. उलटा जोडला तर तो जळतो.

कॉइलच्या टोकाचा स्टॉप असतो, त्याचे दोन अॅलन स्क्रू काढले की कॉइल सुटते. आतली नायलॉनची स्लीव्ह बोटाने ढकलून बघा. सहज निघाली तर ठीक. अडकली तर कॉइल तापून स्लीव्ह वितळली आहे. ती कॉइल बदलाच. मग प्लंजरचं, म्हणजे कॉइलमध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या लोखंडी दांड्याचं, टोक बघा. स्टॉपवर आपटून आपटून त्याची कड बाहेर पसरते आणि स्लीव्हला घासते. कानशीने कड काढून महिनाभर चालेल, पण मला ते काम पटत नाही. प्लंजर, त्याला फ्लिपरशी जोडणारी लिंक, स्टॉप, स्लीव्ह आणि फ्लिपरचा दांडा ज्यात फिरतो तो बुश एकदमच नवे टाका, तेही दोन्ही बाजूंचे. एकच बाजू केली तर दोन हातांना दोन वेगळे फ्लिपर लागतात.

आणि तेल अजिबात नको. शिलाई मशीनचं नको, खोबरेल नको. आपल्याकडची धूळ त्यात बसली की चिखल होतो आणि प्लंजर अडकतो.

बसवताना फ्लिपर आणि बुश यांच्यात जुनं एटीएम कार्ड सरकवा. त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते, फ्लिपरला वर-खाली मोकळीक (उभा प्ले) तेवढीच हवी. फ्लिपरची रेघ शेजारच्या लेनच्या (बॉल जायच्या वाटेच्या) पट्टीशी सरळ जुळवा, खालून क्लॅम्पचा नट घट्ट आवळा, मग कार्ड ओढून काढा.

आता खरं काम: शेवटचा स्विच, म्हणजे फ्लिपरचा फटका संपताना काम करणारा. या मशीनमध्ये तो एरवी जुळलेला असतो आणि फ्लिपर पूर्ण वर गेल्यावर उघडून जाड वाइंडिंग तोडतो. पॉइंट काळे पडले की करंट पोचत नाही, म्हणून फटका मऊ. उघडलाच नाही तर जाड वाइंडिंग चालूच राहतं आणि मिनिटभरात जळका वास येतो. हे टंगस्टनचे पॉइंट असतात, बारीक कानस चालते. हाताने प्लंजर शेवटपर्यंत दाबा आणि पाती वाकवून तिथे सुमारे 3 मिलिमीटरची फट ठेवा. 1992 च्या सुमारापासूनच्या मशीनमध्ये हाच स्विच उलटा चालतो, एरवी उघडा असतो. त्याचे पॉइंट घासू नका, कोरा कागद मधून ओढला तरी पुरे.

प्लग लावा, बटण दाबून धरा आणि वरून बॉल सोडा. फ्लिपर खाली पडला तर बारीक वाइंडिंग तपासा. तेही तुटलेलं निघालं, तर मग कॉइल घेऊन या.