जर्मनीत इंजिनीअरिंगचं मास्टर्स: क्रमवारी नंतर, मोडूलहांडबुख आधी

जर्मनीला जायचं ठरलं की बहुतेक जण विद्यापीठांची क्रमवारी उघडून बसतात. माझ्याकडे विचारायला येणाऱ्या ज्युनिअर्सना मी पहिलं काम वेगळंच सांगते: ज्या कोर्सला जायचंय त्याचं मोडूलहांडबुख, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, डाउनलोड करा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर ही भलीमोठी पीडीएफ फुकट मिळते. प्रत्येक विषयाला किती क्रेडिट, त्यात काय शिकवतात, आधी काय आलेलं असावं लागतं, परीक्षा लेखी की तोंडी, इंग्रजीत की जर्मनमध्ये, हे सगळं त्यात असतं. पुढची दोन वर्षं कशी जाणार, ते या पानांवरून कळतं.

प्रवेशाची निम्मी तयारीही इथेच होते. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठासारख्या ठिकाणी गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स अशा गटांत तुमच्या बॅचलर्सचे किती क्रेडिट्स आहेत ते तपासतात. सीजीपीए उत्तम असूनही या मोजणीत अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून एक तक्ता करा. डावीकडे त्यांचे गट, उजवीकडे तुमचे विषय, क्रेडिट आणि अभ्यासक्रमातले मुख्य मुद्दे. ‘मॅथ्स थ्री’ एवढ्या नावावरून तिथल्या माणसाला काहीच कळत नाही. लाप्लास, फुरिए, डिफरन्शियल इक्वेशन्स असं लिहिलं तर कळतं.

गुणांचं जर्मन ग्रेडमध्ये रूपांतर स्वतः करून बघा. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ८.२ सीजीपीए असेल आणि उत्तीर्णतेची रेषा ४ असेल तर उत्तर १.९ येतं. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेला दाखला, लागतं. अनेक विद्यापीठं ते अर्जासोबतच मागतात, तेव्हा ते सगळ्यात आधी करा. उनी-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेमार्फत, अर्ज केला तर पहिल्याला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या खात्याची, रक्कम सप्टेंबर २०२४ मध्ये वाढून वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. फी मात्र नीट बघा. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे सरसकट खरं नाही. बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टीयूने (तांत्रिक विद्यापीठाने) २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून नव्याने येणाऱ्या अशाच विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो लावले आहेत.

आता तिथे पोहोचल्यानंतरचं, ज्याची मला जास्त काळजी वाटते.

आपल्याकडे सबमिशन, युनिट टेस्ट, इंटर्नल असं काहीतरी सतत मागे लागलेलं असतं. तिथे ऑक्टोबर ते जानेवारी कुणी विचारत नाही. हजेरी नाही, बऱ्याच विषयांना गृहपाठही नाही. हुशार मुलं या शांततेत गाफील राहतात, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्ख्या विषयाचा निकाल बहुतेकदा एकाच परीक्षेवर लागतो. एक ईसीटीएस (युरोपातल्या क्रेडिट पद्धतीचं) क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम. सहा क्रेडिटचा विषय १८० तासांचा, त्यातले वर्गातले फार तर साठ. उरलेले कुठे घालवायचे, हे पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरवर मांडा.

लेक्चर एक वेळ बुडलं तरी चालेल, पण उबुंग सोडू नका. प्रोफेसर लेक्चरला सिद्धांत मांडतात, आणि उबुंगमध्ये त्यांच्या हाताखालचा पीएचडी करणारा सहायक फळ्यावर गणितं सोडवतो. परीक्षेतली गणितं त्याच घडणीची असतात. तो कुठे गृहीतक लिहितो, कुठे युनिट तपासतो, ते बघा. गुण त्या पायऱ्यांनाच मिळतात. व्होल्टेजसाठी तिथे ‘व्ही’ नाही, ‘यू’ वापरतात, आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. अशा गोष्टी सुरुवातीपासून हाताला लावून घ्या, परीक्षेत विचार करायला वेळ नसतो.

जुन्या प्रश्नपत्रिका फाखशाफ्टकडे, म्हणजे त्या शाखेच्या विद्यार्थी संघटनेकडे मिळतात. नोव्हेंबरमध्येच मागा. मोबाइल दूर ठेवून, घड्याळ लावून, पूर्ण ९० मिनिटं बसून सोडवा. अनेक विषयांना हाताने लिहिलेलं एक ए-फोर पान आत नेता येतं. ते पान स्वतःच तयार करा, मित्राच्या पानाची झेरॉक्स घेऊन जाऊ नका. काय लिहायचं आणि काय गाळायचं हे ठरवताना अख्खा विषय डोक्यात बसतो, हा माझा ठाम अनुभव आहे.

परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत पोर्टलवर असते; कुणी आठवण करून देत नाही. पहिल्या सेमिस्टरला सहा-सात विषय घेण्याची हौस नको, चार पुरेत. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी मिळतात, आणि सक्तीच्या विषयात तिसरीही हुकली तर विद्यापीठातून नाव कमी होतं. तुमच्या कोर्सचा नेमका नियम प्रुफुंग्जओर्डनुंगमध्ये, म्हणजे परीक्षेच्या नियमावलीत, वाचा. नोंदणी मागे घेण्याची शेवटची तारीखही लिहून ठेवा. तयारी नसेल तर त्या तारखेआधी बाहेर पडण्यात कमीपणा नाही.

निकाल लागला की आइनझिख्टची तारीख जाहीर होते. त्या दिवशी तपासलेली उत्तरपत्रिका तुमच्या हातात देतात. पास झालात तरी जा. प्रत्येक पायरीचे गुण मोजा, बेरीज तपासा, आणि कुठे गुण राहिलेत असं वाटलं तर तो प्रश्न क्रमांक दाखवून शांतपणे विचारा. तिथे याचा कुणी राग धरत नाही, आणि चूक त्यांची असेल तर ग्रेड बदलून मिळते.