उंच वाफ्याला आतून कोणता कागद लावावा?

शेजारच्या काकूंनी गच्चीवर लाकडी फळ्यांचा वाफा केला आणि आतून अस्तर म्हणून चौकातून उतरवलेला शुभेच्छांचा फ्लेक्स घातला. मेथी उपटताना कोपऱ्यातून कोण्या भाऊंचे जोडलेले हात दिसायचे. आम्ही हसलो खरे, पण खायच्या भाजीच्या वाफ्यात फ्लेक्स घालू नये. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी जातीचं प्लास्टिक. तो मऊ राहावा म्हणून त्यात बहुधा थॅलेट जातीची रसायनं मिसळलेली असतात. ती प्लास्टिकला पक्की बांधलेली नसतात, उन्हापाण्यानं हळूहळू सुटतात. वर छपाईची शाई आहेच.

आधी अस्तर लागतंय का ते बघा. अंगणात मातीवरच विटांचा किंवा शहाबादी फरशीचा वाफा करणार असाल तर काहीच घालू नका, तळ उघडा ठेवा. गांडुळं वर येतात, मुळं खाली जातात. फक्त खालची काळी माती कुदळीनं वीतभर उकरून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी तिच्यावरच तुंबतं. घुशी असतील तर तळाला कोंबडीजाळी. गवत दाबायला खोक्याचा पुठ्ठा घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्याकडे त्याला वाळवी लागते. आणि लव्हाळा पुठ्ठ्यालाच काय, माती झाकायच्या मल्चिंगच्या प्लास्टिक कागदालाही भोक पाडून वर येतो.

अस्तर लागतं ते लाकडी चौकटीला आणि गच्चीवर. लाकूडच खराब असेल तर मात्र अस्तराच्या भरवशावर राहू नका. भंगारात मिळणारे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर बरेचदा क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून वापरायचं डांबरी तेल) पाजलेले असतात, ते नकोतच. पॅकिंगच्या फळ्यांवरचा शिक्का वाचा : ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेलं लाकूड, चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडा.

आता कागद, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर. त्यासाठी नर्सरीत जायची गरज नाही, मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात मिळतो. माझी पहिली पसंती शेततळ्याच्या कागदाला. तो एचडीपीई या पॉलिथिनच्या जातीचा, सहसा ५०० मायक्रॉन (अर्धा मिलिमीटर) जाडीचा. गावाकडं कोणाचं शेततळं नुकतंच झालं असेल तर उरलेला तुकडा मागून आणा. कोपऱ्यात दुमडताना ताठपणा करतो, पण उन्हात तासभर पसरून ठेवला की वळतो. दुसरा पर्याय गांडूळखताच्या बेडचा. विणलेल्या एचडीपीईचा हा बेड बहुतेक १२ बाय ४ बाय २ फुटांचा येतो, कापून दोन-तीन वाफे होतात. मल्चिंग पेपर २५-३० मायक्रॉनचा, पहिल्याच खुरप्याला फाटतो. गोणपाट निर्धोक, पण एका पावसाळ्यात कुजतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा डांबरी कागद आणि कीटकनाशकाच्या संपर्कात आलेलं कुठलंही प्लास्टिक घेऊ नका, कितीही धुतलं तरी.

दुकानदारानं ‘प्लास्टिकच आहे हो’ म्हणून काही हातात दिलं, तर घरी बादलीत तपासा. नखाएवढा तुकडा कापा, ओल्या बोटांनी चोळून त्याला चिकटलेले बुडबुडे काढा, पाण्याच्या तळाशी नेऊन सोडा. एचडीपीई, एलडीपीई (मऊ पॉलिथिन), पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ही प्लास्टिकं पाण्यापेक्षा हलकी, म्हणून वर येतात. पीव्हीसी बुडून राहतं. बुडालं की परत करा. मग दुसरा तुकडा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून दुपारभर उन्हात ठेवा. झाकण उघडल्यावर नवीन रेक्झिनसारखा उग्र वास आला तर तोही नको. जाळून बघायचा उद्योग करू नका, पीव्हीसीचा धूर घातक असतो.

गच्चीवर चौकट विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल आणि स्लॅब कोरडा राहील. जागा भिंतीच्या किंवा बीमच्या कडेची धरा. ४ बाय ३ फुटांच्या, फूटभर खोल वाफ्यात ओली माती सहज पाचशे किलो भरते, तेव्हा निम्मं कंपोस्ट आणि कोकोपीट घाला. कागद ताणून बसवू नका. माती पडली की तो खाली ओढला जातो, कोपऱ्यात फाटतो. खिळे फक्त वरच्या काठाला. काठ उघडा ठेवला तर मे महिन्यात ४२-४३ अंशांत तो आधी तडकतो, म्हणून वरून फळीची पट्टी मारा.

तळाला वीत-वीत अंतरावर बोटाएवढी भोकं पाडा आणि वर नारळाच्या शेंड्या पसरा. इथं कंजुषी नको. आपलं बोअरचं पाणी जड. निचरा नसेल तर क्षार मातीतच साठतात, वर पांढरी पापडी धरते आणि पानांच्या कडा करपतात. लोक खत कमी पडलं म्हणून अजून खत घालतात आणि क्षार वाढतच जातात.

माती भरली की बी टाकायच्या आधी ती पूर्ण भिजेपर्यंत पाणी द्या आणि खाली वाकून बघा. माती पूर्ण भिजूनही भोकांतून पाणी आलं नाही तर माती काढून भोकं मोठी करा. आलं तर दुसऱ्या दिवशी मेथी, अंबाडी टाकायला हरकत नाही.