लिंक पुढे गेली पाहिजे: छोट्या स्टार्टअपच्या प्रसिद्धीचं काम नव्याने करणाऱ्यांसाठी

पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्या घेणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळाची प्रसिद्धी मी सांभाळते. कोड लिहिणारे दोघं, प्रश्न तपासणारे एक सर आणि मी, एवढाच कारभार. या कामात नव्याने येणारी मुलं-मुली हमखास विचारतात, "ताई, कोणतं टूल शिकू?" यादी देता येते, मी देतेही. पण यादीतल्या निम्म्या टूल्सची नावं बघता बघता बदलतात आणि उरलेल्यांचे दर वाढतात. संकेतस्थळावर किती जण आले, कुठून आले हे मोजणारं गूगलचं जुनं अ‍ॅनालिटिक्स मन लावून शिकलेल्यांनाही जुलै 2023 मध्ये ते बंद झाल्यावर त्याची पुढची आवृत्ती, जीए-फोर, नव्याने शिकावी लागली. म्हणून टूलआधी मी विचारते, तुमचा ग्राहक बसतो कुठे?

आमचा ग्राहक सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ इथल्या अभ्यासिकांत बसतो. शास्त्री रस्त्यावर चहा पितो, मेसला जेवतो आणि टेलिग्रामवर पीडीएफ उतरवतो. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा, संयुक्त गट ब, गट क या परीक्षांची तयारी करणाऱ्या या पोरांच्या हातात जे काही येतं ते कोणीतरी पुढे पाठवलेलं असतं. इन्स्टाग्रामवर ती असतात, पण तिथे ती अभ्यासापासून पळून आलेली असतात. त्या वेळी त्यांना सराव चाचणी दाखवणं म्हणजे चिडवणंच. त्यामुळे आमच्या प्रसिद्धीचं काम म्हणजे पुढे पाठवता येईल असं काहीतरी बनवणं आणि ते कुठून कुठे गेलं हे कळेल अशी सोय करणं.

युक्ती जुनीच आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी 1996 साली हॉटमेल सुरू केलं, तेव्हा तिथून निघणाऱ्या प्रत्येक ईमेलखाली 'तुम्हीही फुकट खातं उघडा' अशा अर्थाची एक ओळ जायची. मेल पाठवणाराच नकळत जाहिरात करत होता. 1997 संपता संपता मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. आम्ही हेच पीडीएफमध्ये केलं. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचं स्पष्टीकरण फुकट द्यायचं आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'हाच प्रश्न सोडवून बघा' अशी लिंक टाकायची. प्रत्येक पानावर, कारण पहिलं पान काढून टाकून त्यावर स्वतःचा लोगो चिकटवणारे चॅनेलवाले भरपूर आहेत. त्यांच्याशी भांडायला मी जात नाही. आतल्या पानांवरची लिंक शाबूत असते, तेव्हा ते आपलाच माल वाटत असतात.

आता मोजणी. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्राममधून आलेला माणूस जीए-फोरमध्ये बहुधा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, म्हणजे जणू पत्ता पाठ करून आला. तसं कोणी येत नसतं. त्यासाठी लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन स्रोत, माध्यम आणि मोहीम यांची नावं जोडतात. यालाच यूटीएम म्हणतात. यातला 'यू' म्हणजे अर्चिन (Urchin), गूगलने 2005 साली विकत घेतलेली आकडेवारीची कंपनी. तिच्यावरूनच गूगलचं अ‍ॅनालिटिक्स उभं राहिलं. यूटीएम बनवायला पाच मिनिटांत शिकता येतं, शिस्त मात्र लवकर अंगवळणी पडत नाही. एकाने टेलिग्राम इंग्रजीत मोठ्या लिपीतल्या आद्याक्षराने लिहिलं, दुसऱ्याने सगळं लहान लिपीत, तिसऱ्याने नुसतं 'टीजी', की अहवालात तीन वेगळे स्रोत दिसतात. आमच्याकडे एक साधी गूगल शीट आहे. तिच्यात नसलेलं नाव वापरायचं नाही, आणि सगळं लहान लिपीतच. नवा माणूस आला की मी त्याच्या हातात पहिली ही शीट देते.

हाच हिशेब झेरॉक्सच्या दुकानांत उपयोगी पडला. अभ्यासिकांच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाइतकी रांग दुसरीकडे नसते आणि रांगेतला माणूस मोबाइल काढून उभा असतो. प्रत्येक दुकानासाठी वेगळ्या यूटीएमचा क्यूआर कोड छापला. "काका, काचेवर लावू का?" विचारलं तर काका म्हणाले, "लाव, पण दराच्या पाटीवर नको. आणि पैसे भरायच्या क्यूआरशेजारी तर अजिबात नको, पोरं तुझ्याच कोडवर पैसे भरायला जातील." रास्त होतं. कोड पाटीपासून दूर, डोळ्यांच्या उंचीला लावला आणि वर मोठ्या अक्षरांत 'कालच्या चालू घडामोडी, 10 प्रश्न' असं लिहिलं. 'आमच्या संकेतस्थळाला भेट द्या' या वाक्यावर कोणी मोबाइल रोखत नाही. कोणत्या दुकानातून किती जण आले हे वेगवेगळं दिसत असल्याने कुठे कागद बदलायचा आणि कुठून काढून घ्यायचा, हे ठरवणं सोपं गेलं.

गूगलवरून येणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि मराठीत काम करणार असाल तर इथे जास्त वेळ द्या. आमच्या सरांकडे कित्येक वर्षांचे प्रश्न होते, सगळे श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले. छपाईला उत्तम, पण तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या मोबाइल-संगणकांना सारखाच कळणारा, नव्हता. पडद्यावर 'राज्यघटना' दिसत असली तरी आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते, त्यामुळे शोधणाऱ्याला ती राज्यघटना सापडत नाही. कन्व्हर्टरमधून काढलं की बराचसा मजकूर नीट येतो. मग रफार भलत्या अक्षरावर जातो आणि 'कर्तव्य'चं 'कतर्व्य' होतं, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. हे डोळ्यांनी वाचूनच दुरुस्त करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण जाहिरातीवर खर्च न करता गूगलवरून माणसं यायला लागली ती यानंतर. अक्षरासाठी 'मुक्त' हा फॉन्ट घेतला. मुंबईच्या एक टाइपने केलेला आहे, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि स्वस्त मोबाइलवरही जोडाक्षरं नीट दिसतात.

गूगलचं सर्च कन्सोल रोज उघडायची सवय लावा. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं, किती जणांनी त्यावर टिचकी मारली, हे तिथे दिसतं आणि मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं मिळतं. आम्हाला तिथे कळलं की मुलं वाचतात मराठीत, पण शोधताना बऱ्याचदा रोमन अक्षरांत मराठी लिहितात, तेही प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने. म्हणून पानाच्या पत्त्यात रोमन आणि मथळ्यात देवनागरी, असं ठेवलं. शब्द मात्र त्यांचेच घ्यायचे: 'पूर्व', 'मुख्य', 'कट-ऑफ', 'जागा किती निघाल्या'. एआयकडून मथळे काढून घेणाऱ्यांना सांगते, दहा मागा आणि दहाही मोठ्याने वाचा. 'आपल्या यशाच्या प्रवासाला सक्षम करा' असं नारायण पेठेत कोणी बोलत नाही.

सगळ्यात जास्त चालली ती एक फुकट सोय. राज्यसेवा पूर्वचा पहिला पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा. आयोगाची उत्तरतालिका आली की त्या रात्री प्रत्येक जण आपले गुण मोजत बसतो. संच निवडा, उत्तरं टाका, गुण बघा, एवढंच करणारं एक पान आम्ही केलं. सुरुवातीला त्यावर 'माझे गुण शेअर करा' असं बटण होतं, ते फारसं कोणी दाबत नव्हतं. कमी पडलेला कशाला सांगेल, आणि चांगले पडलेला दृष्ट लागेल म्हणून गप्प. तिथे 'तुझे किती पडतात बघ' असं लिहिलं आणि पाठवताना गुण न जाता नुसती लिंक जाईल असं केलं. मग लिंक सुटली. त्या लिंकसोबत दिसणारं छोटं चित्र आणि मथळाही आधी स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघायचा. चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचं, वजनाला हलकं, आणि त्यावर चार शब्दांपेक्षा जास्त काही नाही. पान उघडायलाही वेळ लागता कामा नये. गूगलच्या निकषात मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला तर ठीक. पेजस्पीड इनसाइट्सवर हे फुकट तपासता येतं, पण अभ्यासिकेच्या तळघरात जाऊन आपल्याच मोबाइलवर एकदा बघाच.

अशा धंद्यात या महिन्याची मागच्या महिन्याशी तुलना करू नका. आमचा आलेख परीक्षेच्या वेळापत्रकावर नाचतो. जाहिरात, प्रवेशपत्र, उत्तरतालिका, निकाल या चार दिवसांना उंच आणि मध्ये सपाट. मालकाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर सपाट महिन्यात तुमच्याच नावाने शंख.

बाकीचं थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो, त्यामुळे आधी नंबर सेव्ह करण्याचं कारण द्या. नंबरांचा 'डेटाबेस' विकणारे फोन करतील. घेऊ नका. लोक ब्लॉक करतात, आपला नंबर बंद होऊ शकतो, शिवाय 2023 साली वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदाही झाला आहे. मेल आमची मुलं वाचत नाहीत, पण पैसे भरल्याची पावती मेलनेच जाते. ती स्पॅममध्ये पडू नये म्हणून एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या, मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या, तीन नोंदी डोमेनवर करून घ्या. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल याबाबत कडक झालं आहे. नवी उत्पादनं जगापुढे मांडायचं संकेतस्थळ असलेल्या प्रॉडक्ट हंटचा आम्हाला उपयोग नव्हता. तुमचं उत्पादन जगभरातल्या प्रोग्रामरांसाठी असेल तर जरूर जा, फक्त तिथला दिवस पॅसिफिक वेळेने सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. पोस्टची झटपट जाहिरात करणाऱ्या फेसबुकच्या 'बूस्ट' बटणापासून लांब राहा, जाहिरात द्यायचीच तर अ‍ॅड्स मॅनेजरमधून द्या आणि बजेट मांडताना 18 टक्के जीएसटी धरा.

नोकरी शोधत असाल तर मुलाखतीत पगाराबरोबर दोन गोष्टी विचारा. सर्च कन्सोल आणि जीए-फोर पहिल्या दिवसापासून बघायला मिळेल का, आणि ग्राहकांशी मला स्वतःला फोनवर बोलता येईल का? उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर समजा, तिथे सणावारांच्या शुभेच्छांची पोस्टर बनवण्याचं काम आहे. हाताशी दाखवायला काही नसेल तर ओळखीतल्या एखाद्या क्लासचं किंवा मेसचं काम फुकट घ्या. गूगलवर आणि नकाशावर दिसणारं त्यांचं गूगल बिझनेस प्रोफाइल नीट करा, वेळा आणि फोटो भरा, एका क्यूआरला यूटीएम लावा आणि आधीचे-नंतरचे आकडे एका पानावर मांडा. माझ्याकडे अर्ज येतात त्यात प्रमाणपत्रं भरपूर असतात, असं पान क्वचितच.