पदोन्नती अडली? आधी सेवापुस्तक मागा

साहेब ‘बघतो’ म्हणाले की आमचे लघुलेखक वर्षानुवर्षं थांबतात. मी जिल्ह्याच्या एका कार्यालयातून उच्चश्रेणी लघुलेखक म्हणून निवृत्त झाले. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं बिनचूक टंकणारे स्वतःचा अर्ज मात्र रडगाणं करून लिहितात, हे फार पाहिलं.

आधी सेवापुस्तक स्वतः वाचा. लघुलेखनाची प्रमाणपत्रं नोंदलीत का, वेतननिश्चितीवर (पगार ठरवल्याच्या नोंदीवर) ती तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाचा शेरा आहे का, बघा. मग वाद नेमका कशाचा ते ठरवा. जागा असून डावललं असेल तर ज्येष्ठता यादी आणि विभागीय पदोन्नती समितीचं इतिवृत्त हवं. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. वर जागाच नसेल, तर आश्वासित प्रगती योजना, म्हणजे पदोन्नतीविना वरची वेतनश्रेणी. २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतरचे लाभ आणले. त्याआधी ते १२ आणि २४ वर्षांवर होते. बदली नको म्हणून पदोन्नती नाकारायच्या बेतात असाल तर सावध, नकारामुळे हा लाभही अडतो.

निवेदन एका पानाचं, मागणी एकच. शासन निर्णयानुसार लाभ कधी मिळायला हवा होता, तुम्हाला कधी मिळाला, फरक किती. ‘घोर अन्याय’ वगैरे गाळा. योग्य मार्गाने, म्हणजे वरिष्ठांमार्फत पाठवा आणि स्वतःजवळच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

आता मुदत, कारण प्रकरणं इथेच मरतात. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ नुसार निवेदनावर सहा महिने उत्तर आलं नाही, तर पुढच्या एका वर्षात मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) मूळ अर्ज, म्हणजे दावा, दाखल व्हायला हवा. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर, जे तुमचं असेल तिथे. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. युनियनचे नेते ‘अजून एक पत्र देऊ’ म्हणतील, द्या. पण वकिलाकडेही जा.

पगार चुकून कमी ठरवला असेल तर मुदतीत थोडी सवलत आहे. तरसेम सिंग प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने दर महिन्याच्या कमी रकमेला सतत चालणारी हानी मानलं, तरी थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. पदोन्नतीला ही सवलत नाही, कारण तुमच्या पदोन्नतीचा दिनांक मागे गेला की दुसऱ्या कोणाची ज्येष्ठता हलते.

उलट ‘जास्त दिलं, परत करा’ अशी वसुली निघाली, तर सर्वोच्च न्यायालयाचा रफिक मसीह निकाल (२०१४) दाखवा. गट क आणि ड, निवृत्त, वर्षभरात निवृत्त होणारे, किंवा पाच वर्षांहून जास्त काळ चाललेली जादा रक्कम, यांना त्यात संरक्षण आहे. लघुटंकलेखक गट क मध्ये बसतो. निम्नश्रेणी आणि उच्चश्रेणी लघुलेखक गट ब, म्हणून त्यांनी बाकीच्या कारणांवर भर द्यावा. आणि वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र लिहून दिलंय का, तेही तपासा. जगदेव सिंग प्रकरणात (२०१६) अशाच हमीपत्रावर वसुली मान्य झाली होती.