इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ओपन माइकवर कसं वाजवावं: दहा मिनिटांच्या सेटची तयारी

ओपन माइकला, म्हणजे कोणीही येऊन थोडा वेळ वाजवू शकतो अशा कार्यक्रमाला, गिटारवाला येतो, एक जॅक लावतो, सूर तपासतो आणि अर्ध्या मिनिटात गायला लागतो. इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्याकडे लॅपटॉप, कंट्रोलर (लॅपटॉपमधले आवाज हाताने चालवायचं बटणांचं यंत्र), सिंथ (सिंथेसायझर), चार अडॅप्टर आणि वायरींचा गुंता असतो, आणि वेळ मात्र तेवढाच मिळतो. म्हणून तयारीची सुरुवात मांडामांडीच्या वेळेपासून करा. जे तीन मिनिटांत जोडून होत नाही ते घरी राहू द्या, मग ते कितीही लाडकं असो.

आधी आयोजकांना विचारून घ्या

स्लॉट, म्हणजे तुमच्या वाट्याची वेळ, किती मिनिटांचा? बहुतेक ठिकाणी तो दहा ते पंधरा मिनिटांचा असतो. पण मांडामांडी त्यातच धरली आहे की वेगळी, हे विचाराच. सेटची लांबी त्यावर ठरते. मिक्सरला तुमचा आवाज स्टीरिओत (डावा-उजवा वेगळा) जाणार की मोनोत (दोन्ही एकत्र)? डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज मिक्सरला नीट पोचवणारी छोटी पेटी) आहे का? टेबल केवढं आहे, प्लग पॉइंट किती? फक्त इलेक्ट्रॉनिक संगीतासाठीच होणाऱ्या कार्यक्रमांत (ब्रिटनमध्ये ते ‘ईमॉम’, म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक ओपन माइक’, या नावाने ओळखले जातात) आयोजकांना या गोष्टी सवयीच्या असतात. सगळ्या प्रकारच्या कलाकारांसाठी असलेल्या ओपन माइकला मात्र एक माइक आणि एक स्टँड एवढंच मिळेल असं धरून चला.

सामान निम्मं करा

ताल सांभाळणारं एक यंत्र आणि हाताने वाजवायचं एक वाद्य, पहिल्या वेळी एवढं पुरे. एक ग्रूव्हबॉक्स (ताल आणि पॅटर्न वाजवणारं यंत्र) आणि एक छोटा सिंथ, किंवा लॅपटॉप आणि एक कंट्रोलर. बॅटरीवर चालणारी यंत्रं इथे फार उपयोगी पडतात. कॉर्ग कंपनीची व्होल्का ही छोट्या यंत्रांची मालिका सहा एए सेलवर चालते, टीनेज इंजिनिअरिंग कंपनीची खिशात मावणारी पॉकेट ऑपरेटर यंत्रं दोन एएएवर. प्लग शोधायला नको, आणि विजेच्या जोडणीतून येणारी घरघरही टळते. नवे सेल घाला, जुने खिशात ठेवू नका. घाईत तेच हाताला लागतात.

अडॅप्टर वापरणार असाल तर प्रत्येकावर रंगीत टेप लावा. गिटारच्या बहुतेक पेडलना 9 व्होल्ट लागतात आणि पिनच्या मधोमध ऋण टोक असतं. व्होल्कालाही 9 व्होल्टच लागतात, पण मध्यभागी धन टोक. दोन्ही अडॅप्टर दिसायला सारखेच असतात, आणि अंधारात तर काळेच दिसतात.

दोन यंत्रं एकमेकांना जोडणार असाल तर लय कोण देणार हे एकदाच ठरवा. मिडी क्लॉक, म्हणजे यंत्रांना एका लयीत ठेवणारा इशारा, एका बीटला 24 ठोके पाठवतं. व्होल्काच्या सिंक जॅकवर तेच प्रमाण 2 आहे. सेटिंग जुळलं नाही तर एक यंत्र भलत्याच वेगाने पळतं. मॉड्युलर सिंथ (सुटे भाग वायरींनी जोडून वाजवायचा) वापरणाऱ्यांनी पॅच, म्हणजे वायरींची जोडणी, घरीच पूर्ण करून, वायरी तशाच ठेवून केस बंद करावी. ॲनालॉग ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) गरम होईपर्यंत सूर सरकतात, त्यामुळे जमलं तर आपला नंबर यायच्या आधीच केस चालू करून ठेवावी.

सेट मोजून बांधा

120 बीपीएमला (मिनिटाला 120 बीट) चार मात्रांचा एक बार दोन सेकंदांचा होतो. म्हणजे दहा मिनिटांत 300 बार. सोळा बारचा एक भाग 32 सेकंद घेतो, म्हणजे असे अठरा भाग बसतात, आणि शेवटी थोडा वेळ उरतो. हे गणित कागदावर मांडलं की लक्षात येतं की घरी चार मिनिटं हळूहळू चढत जाणारी सुरुवात इथे परवडणारी नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकणाऱ्याला धरून ठेवेल असं काहीतरी यायला हवं. दोन रचना पुरतात. तिसरी असेल तर ती वेळ उरला तरच.

आता ‘लाइव्ह’ काय आणि आधी तयार केलेलं काय, हा प्रश्न. यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत सरळ आहे: ड्रमचा पॅटर्न आधी बांधलेला असला तर काही बिघडत नाही, पण तुमचे हात ज्या गोष्टी करतील अशा दोन तरी ठेवा. चाल वाजवणं, फिल्टर उघडणं-मिटणं, ट्रॅक म्यूट करून मोकळी जागा पाडणं, काहीही चालेल. आणि ते दिसू द्या. लॅपटॉपचा पडदा बाजूला सरकवा, कंट्रोलर पुढच्या बाजूला थोडा कलता ठेवा. बटण दाबलं आणि आवाज बदलला, एवढं दिसलं तरी पुरतं. नाहीतर तुम्ही ईमेल तपासताय असंच वाटतं.

शेवट आधी ठरवून ठेवा. लूप कुठे थांबवायचा हे न कळून दोन मिनिटं रेंगाळणारे कलाकार प्रत्येक कार्यक्रमात दिसतात. ड्रम म्यूट, डिलेची (प्रतिध्वनीची) शेपटी, मास्टर (एकूण आवाज) खाली: हा क्रम बोटांत बसला पाहिजे. सेट नऊ मिनिटांचा बांधा. दहावं मिनिट आपोआप खर्च होतं.

आवाज हॉलसाठी जुळवा

घरी हळू आवाजात मिक्स करताना कान बास कमी ऐकतात, म्हणून आपण तो वाढवतो. आवाज मोठा झाला की तोच बास जास्त जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे बास थोडा उतरवूनच न्या. रिव्हर्बही (कृत्रिम घुमारा) कमी करा, कारण हॉलचा स्वतःचा घुमारा असतोच. सगळा सेट एकदा मोनोत ऐका. फार रुंद केलेले पॅड (लांबत राहणारे मऊ सूर) मोनोत विरघळून जातात, आणि अनेक ठिकाणचे स्पीकर मोनोच असतात. मास्टरवर लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा) असावा, पण आवाज पाटीसारखा सपाट होईपर्यंत दाबू नका.

वायरींचे सापळे

सगळ्यांत जास्त फसवणारा सापळा हेडफोनच्या जॅकचा आहे. लॅपटॉपच्या स्टीरिओ आउटपुटमधून तीन कडीची वायर मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांवरच्या आवाजांतला फरक घेणाऱ्या) घातली, तर मिक्सर डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं गायब होतं, म्हणजे नेमके किक, बास आणि गायकाचा आवाज. उरतो तो पोकळ, दूरवरून आल्यासारखा नाद, आणि दोष साउंडवाल्याच्या माथी जातो. उपाय सोपा आहे: एका स्टीरिओ टोकातून दोन मोनो जॅक निघणारी वाय-वायर न्या, म्हणजे डावा-उजवा वेगवेगळ्या चॅनलमध्ये जातील. ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारी पेटी) असेल तर त्याच्या मागच्या दोन आउटपुटमधून जा.

घरघर येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर कारण सापडलं: बॅटरीवर वाजवा किंवा डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, तो जिवावर बेतू शकतो. माइकच्या वायरमध्ये थेट सिंथ जोडणार असाल तर त्या चॅनलचा 48 व्होल्टचा फँटम पॉवर (माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) बंद आहे ना, हे विचारून घ्या.

लॅपटॉपवर फ्लाइट मोड, नोटिफिकेशन बंद, स्लीप बंद, अपडेट बंद. बफर (लॅपटॉप आवाज तयार करायला घेतो तो वेळ) घरच्यापेक्षा मोठा ठेवा. 44.1 किलोहर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे 6 मिलिसेकंद, 512 म्हणजे 12 च्या आसपास. बोटांनी की वाजवणार नसाल तर 512 नेही काही अडत नाही, आणि कडकड मात्र टळते.

तालीम पिशवीपासून

नुसता सेट वाजवून पाहणं ही अर्धीच तालीम. सगळं पिशवीत भरा, घड्याळ लावा, दिवा मंद करा, उभं राहून जोडा, वाजवा, परत भरा. खुर्चीवर बसून शिकलेली बोटं उभं राहिल्यावर चुकतात. छोटा टॉर्च, एक्स्टेंशन बोर्ड आणि प्रत्येक वायरीची एक जादा प्रत पिशवीत कायमची असू द्या.

स्टेजवरचा क्रम

1. साउंडवाल्याला नाव विचारा, किती चॅनल लागणार ते सांगा, आणि तुमचे चॅनल म्यूट आहेत याची खात्री करा.
2. आधी वीज, मग यंत्रांमधल्या वायरी, शेवटी मिक्सरकडे जाणारी वायर.
3. प्रोजेक्ट उघडा, मास्टर खाली ठेवा, मग म्यूट काढायला सांगा.
4. लेव्हलसाठी सेटमधला सगळ्यात मोठा भाग वाजवा. हळू भागावर लेव्हल लावली तर किक येताच मिक्सर लाल होतो.
5. त्यानंतर आउटपुटला हात लावू नका. वाढवा-घटवायचं ते साउंडवाल्याला सांगा.

वाजवताना काही अडलं, पॅटर्न चुकीचा लागला, तर पुढच्या चार बारपर्यंत तोच चालू ठेवा आणि मगच बदला. लोकांना मूळ रचना माहीत नसते, त्यामुळे मधेच दचकून थांबलात तरच चूक कळते. सगळंच बंद पडलं तर काय, यासाठी बॅटरीवरचं एक यंत्र किंवा फोनमधली एक साधी ड्रोन (एकच सूर लांबत राहणारी) फाइल वेगळ्या वायरीला जोडून ठेवा. लॅपटॉप पुन्हा चालू होईपर्यंत तीच शांतता भरून काढते.

उतरताना

आधी मास्टर खाली, मग चॅनल म्यूट करायला सांगा, त्यानंतरच जॅक ओढा; नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज होतो. टेबलावरच वायरी गुंडाळत बसू नका. सगळं एका पिशवीत कोंबून बाजूला व्हा, पुढचा कलाकार वाट पाहत असतो. शक्य असेल तर मिक्सरमधून रेकॉर्डिंग मिळवा, आणि जोडीला फोनवर हॉलमधलंही करून घ्या. मिक्सरमधल्या रेकॉर्डिंगवरून वादन कसं झालं ते कळतं, फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून बास जास्त होता की नाही ते. पुढच्या सेटची फाइल उघडण्याआधी दोन्ही ऐकून घ्या.