अक्कलदाढ काढल्यावर वेदनाशामक गोळी कशी निवडावी

दाढ काढताना दिलेल्या इंजेक्शनचा बधिरपणा साधारण दोन ते चार तासांत उतरतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पहिली गोळी तो पूर्ण उतरण्यापूर्वीच घ्यावी. कोणती गोळी घ्यायची, हे मात्र दाढेपेक्षा रुग्णाच्या पोटावर आणि मूत्रपिंडांवर अधिक अवलंबून असते.

या दुखण्याचे मूळ मुख्यतः जखमेच्या सुजेत असते. आयबुप्रोफेन सुजेवरही काम करते, पॅरासिटामॉल केवळ वेदना आणि ताप कमी करते. त्यामुळे प्रौढांमध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा अधिक गुणकारी ठरते, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास आराम आणखी वाढतो. तरीही ज्यांना अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, वेदनाशामकाने दमा उसळतो, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत किंवा ज्या गर्भवती आहेत, त्यांनी आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

आपल्या खानदेशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यात तोंड दुखते म्हणून पाणीही कमी प्यायले जाते, आणि शरीरातील पाणी घटलेले असताना आयबुप्रोफेन घेतल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. ही गोळी पोटात काही असतानाच घ्यावी. केळी आणि मऊ खिचडी घरोघरी असतेच, शेवभाजीने मात्र काही दिवस थांबावे.

सर्वाधिक चूक होते ती नावांमुळे. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतेच. दिवसातून तीनदा ती आणि चारदा डोलो ६५० (६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल) घेतली, तर पॅरासिटामॉल ३५७५ मिलिग्रॅम होते. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे आणि यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल, तर त्याहून बरीच कमी. म्हणून स्ट्रिपवरचे ठळक नाव नव्हे, त्याखालचे बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. केटोरोलॅक हे आयबुप्रोफेनच्याच गटातील तीव्र वेदनाशामक डॉक्टरांनीच लिहून दिले असेल तरच घ्यावे, पाच दिवसांपलीकडे नेऊ नये आणि त्यासोबत आयबुप्रोफेन घेऊ नये.

दुखणे कमी होत असताना दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकाएकी वाढले, कानापर्यंत ठणका गेला आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर खळग्यातील रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याची शक्यता असते; तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत हे अधिक आढळते. अशा वेळी गोळी वाढवत न बसता दवाखाना गाठावा, कारण तो खळगा धुऊन त्यात औषध भरावे लागते.